बोलक्या यंत्राच्या शब्दाची हमी कोणाची?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅनडातील एका गृहस्थाची आजी वारली. व्हँकुव्हरहून टोरांटोला तातडीने जाणे त्याला भाग होते. एअर कॅनडा ह्या विमान कंपनीच्या संकेतस्थळावर प्रवाशांच्या शंकांना उत्तरे देणारे एक संवादयंत्र बसविलेले होते. निकटच्या नातलगाच्या मृत्यूमुळे प्रवास करावा लागणाऱ्यांना भाड्यात सवलत मिळते, ती कशी घ्यावी, असे त्याने यंत्राला विचारले. तिकीट काढल्याच्या तारखेपासून नव्वद दिवसांच्या आत अर्ज केल्यास, प्रवास आधी झालेला असला तरी सवलत मिळेल, असे यंत्राने सांगितले. त्या शब्दावर विसंबून त्याने पूर्ण भाड्याची तिकिटे काढली. आणि परतल्यावर अर्ज केला तेव्हा कंपनीने कळविले की, प्रवास झाल्यानंतर अशी सवलत देण्याचा प्रघातच नाही.

प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवाणी तंटा निवारण न्यायाधिकरणापुढे गेले. सुदैवाने त्या प्रवाशाने यंत्राच्या उत्तराचे पडद्यावरचे चित्र जपून ठेवले होते. कंपनीच्या बचावाचा मथितार्थ न्यायाधिकरणाने आपल्या निकालपत्रात जो दिला आहे, तो मोठा उद्बोधक आहे : संवादयंत्र हे जणू कायद्याच्या दृष्टीने एक स्वतंत्र अस्तित्व असून आपल्या कृतीस ते स्वतःच जबाबदार आहे! शिवाय खरा नियम त्याच संकेतस्थळावर अन्यत्र दिलेला होता, तो प्रवाशाने पाहावयास हवा होता, असेही कंपनीचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हे दोन्ही मुद्दे फेटाळले. एकाच संकेतस्थळाच्या एका भागावर विश्वास ठेवावा आणि दुसऱ्या भागावर ठेवू नये, हे ग्राहकाने कशावरून ओळखावे, असा त्याचा सरळ प्रश्न होता. नुकसानभरपाई, व्याज आणि शुल्क मिळून ८१२.०२ कॅनेडियन डॉलर देण्याचा आदेश झाला.

रक्कम क्षुल्लक आहे. परंतु ह्या निमित्ताने जो प्रश्न उभा राहिला तो क्षुल्लक नाही. यंत्र जेव्हा 'मिळेल' असे म्हणते तेव्हा ते नेमके काय करीत असते? ते माहिती देते, आश्वासन देते, की केवळ शब्दापुढे शब्द ठेवते? संवाद करणारी यंत्रे बांधणाऱ्यांमध्ये गेली पन्नास-साठ वर्षे जे दोन पंथ नांदत आले आहेत, त्यांच्यातील खरा मतभेद ह्याच प्रश्नाभोवती आहे. आणि हे दोन पंथ एकत्र कसे आणावेत हा आज केवळ संगणकशास्त्रज्ञांचा घरगुती वाद राहिलेला नाही.

नियमांचा पंथ

पहिला पंथ संवादाकडे नियमबद्ध व्यवहार म्हणून पाहतो. त्याचे मूळ संगणकात नसून तत्त्वज्ञानात आहे. ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेली व्याख्याने त्यांच्या निधनानंतर १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बोलणे म्हणजे केवळ वस्तुस्थितीचे वर्णन नव्हे. पुष्कळदा बोलणे हीच कृती असते, हे त्यांचे प्रतिपादन. 'मी पैज लावतो', 'मी वचन देतो' असे म्हणणारा मनुष्य कशाचे वर्णन करीत नसतो, तो पैज लावीत असतो, वचन देत असतो. अशी कृती यशस्वी होण्यास काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : ती करण्याचा अधिकार, योग्य प्रसंग, आणि पुढे तसे वागण्याचे बंधन. जॉन सर्ल यांनी १९६९ साली ह्या विचाराला अधिक काटेकोर रूप दिले.

ऑस्ट्रेलियातील चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी ह्यापुढचे पाऊल टाकले. संगणकाच्या रचनेतही ह्या तत्त्वज्ञाने मोलाची भर घातलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या कल्पनेतील नेमकेपणाचे आश्चर्य वाटत नाही. १९७० च्या आपल्या 'फॅलसीज' ह्या ग्रंथात त्यांनी संवादाचे आकारिक नियम मांडले. संवादात भाग घेणाऱ्या प्रत्येकाचे एक खाते असते. एखादे विधान केले की ते आपल्या खात्यावर चढते. समोरच्याने हरकत घेतली नाही तर ते त्याच्याही खात्यावर चढते. कारण विचारले तर कारण द्यावे, नाहीतर विधान मागे घ्यावे. आणि मागे घ्यावयाचे ते उघडपणे, गुपचूप खोडून नव्हे. आपल्याकडील कोणत्याही पेढीवरच्या मुनिमाला ही पद्धत समजावून सांगण्याची आवश्यकता पडणार नाही. रोजकीर्दीत नोंद झाली की ती खतावणीत जाते. चूक झाल्यास उलट नोंद करावी लागते, पान फाडता येत नाही.

हॅम्ब्लिन यांच्या ग्रंथातील एक संपूर्ण प्रकरण भारतीय परंपरेवर आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या गावी नसते. गौतमाच्या न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार केलेले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची केवळ मोडून काढावयाची ती वितंडा. चर्चेत मनुष्य कोणत्या ठिकाणी हरला असे समजावे, त्या बावीस निग्रहस्थानांची यादीच तेथे दिली आहे. आपलेच विधान सोडून देणे ही प्रतिज्ञाहानी. अडचणीत येताच विधान बदलणे हे प्रतिज्ञांतर. प्रतिपक्षाचे म्हणणे तीनदा सांगूनही त्याचा अनुवाद न करता येणे हे अननुभाषण. दुसरे काम आहे असे सांगून चर्चेतून उठणे हा विक्षेप. (शेवटचा प्रकार आपल्या सभा-समित्यांत अद्याप चांगलाच रूढ आहे.) संवाद ही नियमांनी बांधलेली आणि म्हणून तपासता येणारी गोष्ट आहे, ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते.

यंत्रांच्या जगात ह्या पंथाचे पहिले नमुने माफक होते. १९७७ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्राने 'गस' नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातील विमानप्रवासाची आखणी करून देणे एवढेच त्याचे काम. त्याच्या पोटात एक कोरा तक्ता असे : कोठून, कोठे, कोणत्या दिवशी, किती वाजता. रेल्वे आरक्षणाच्या खिडकीवरील छापील अर्जासारखेच ते होते. फरक एवढाच की अर्जातील रिकाम्या जागा यंत्र एकेक प्रश्न विचारून भरून घेई. चौकट भरली की काम संपले. ह्यात यंत्राने कशाची हमी घेतली आणि कशाची नाही, हे प्रत्येक टप्प्यावर दाखवून देता येते. पण मनुष्य अर्जाच्या क्रमाने बोलत नाही. 'मंगळवारी निघावे म्हणतो, पण मुलाची परीक्षा लांबली तर गुरुवार' असे कोणी म्हटले की हा सारा डोलारा कोसळतो. प्रत्येक वळणासाठी नियम लिहावयाचे तर त्याला अंत नाही, आणि नियम लिहिणाऱ्या तज्ज्ञांचे वेतनही थोडे नसते.

अनुभवातून शिकणारा पंथ

दुसऱ्या पंथाने नियम लिहिण्याचा नाद सोडला आणि उदाहरणांवरून यंत्रालाच शिकू द्यावे असे ठरविले. प्रारंभी ह्या दोहोंचा संयोग अगदी सौम्य होता, आणि त्याचे एक उदाहरण आजही अभ्यासण्याजोगे आहे. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी न्यू जर्सी राज्यातील करमणुकीच्या स्थळांची माहिती दूरध्वनीवरून देणारे एक यंत्र केले आणि त्याचा वृत्तांत २००२ साली प्रसिद्ध केला. संवादाची चौकट त्यांनी स्वतः आखली. मात्र ४२ जागी दोन-दोन पर्याय मोकळे ठेवले : येथे मोघम प्रश्न विचारावा की नेमका? ऐकलेला शब्द पुन्हा विचारून पक्का करावा की पुढे जावे? एवढ्याशा मोकळीकीतूनही एकंदर धोरणे होतात ती चार लाख कोटींहून अधिक. ती सारी करून पाहणे कोणालाच शक्य नाही. परंतु ३११ संवादांच्या अनुभवावरून यंत्राने आपले धोरण निवडले आणि नंतरच्या १२४ संवादांत काम पूर्णपणे तडीस जाण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर गेले. म्हणजे काय बोलण्याची मुभा आहे हे मनुष्याने ठरविले, आणि त्या मुभेत काय बोलणे हिताचे हे यंत्र अनुभवाने शिकले.

ह्याच सुमारास केंब्रिज विद्यापीठातील स्टीव्ह यंग यांच्या गटाने अनिश्चिततेचा हिशेब मांडण्याची पद्धत विकसित केली. दूरध्वनीवर 'पुणे' म्हटले की 'ठाणे' हे यंत्राला निश्चित कळत नाही. तेव्हा एकच उत्तर धरून बसण्याऐवजी यंत्राने दोन्ही शक्यता, आपापल्या वजनासह, मनात बाळगाव्यात. आणि चुकीची किंमत किती, पुन्हा विचारल्याने होणारा त्रास किती, ह्याची तुलना करून पुढची चाल ठरवावी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रांत परका वाटणार नाही. अनिश्चित स्थितीत अपेक्षित लाभ जास्तीत जास्त कसा करावा, हाच तो जुना प्रश्न. जेसन विल्यम्स आणि यंग यांचा ह्या विषयावरील निबंध २००७ सालचा. आणि त्याच विल्यम्स यांनी २०१७ साली सहकाऱ्यांसह अशी रचना सुचविली की जिच्यात मज्जातंतूंच्या धर्तीवरील जाळे आणि माणसाने लिहिलेले नियम एकाच यंत्रात शेजारी नांदतात, व त्यामुळे पुष्कळच थोड्या उदाहरणांवर काम भागते.

पण २०१७ हेच वर्ष दुसऱ्या एका कारणासाठी अधिक लक्षात राहिले. त्या वर्षी गुगलमधील संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना मांडली, आणि तिच्यातून भाषेची ती महाकाय प्रतिमाने उभी राहिली, ज्यांच्यापैकी चॅटजीपीटी हे ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येईल ह्याचा अंदाज बांधावयाचा, एवढ्या एका कौशल्यातून ही यंत्रे असे काही बोलू लागली की साठ वर्षांत नियमवाद्यांना जे साधले नव्हते ते एका फटक्यात साधल्यासारखे वाटले. परीक्षा लांबल्यास गुरुवार, हे वाक्य त्यांना सहज समजते. लेखनाची ढब, विनोद, विनवणी, तक्रार, सारे काही त्यांना हाताळता येते. हे यश नाकारणे करंटेपणाचे होईल.

मात्र ह्या यंत्रांच्या पोटात खतावणी नाही. मागे काय बोललो ते संभाषणाच्या मजकुरात असते. पण त्यातले कोणते विधान होते, कोणते अनुमान, कोणते आश्वासन, आणि कोणते केवळ सौजन्याचे शब्द, असा भेद कोठेही नोंदलेला नसतो. 'तुमची खात्री आहे का?' एवढे विचारताच बरोबर उत्तरही मागे घेणारे यंत्र पुष्कळांनी पाहिले असेल. नैयायिकांच्या भाषेत ही उघड प्रतिज्ञाहानी. एप्रिल २०२५ मध्ये तर ओपनएआय कंपनीला आपल्या एका प्रतिमानातील सुधारणा मागे घ्यावी लागली, कारण सुधारलेले यंत्र वापरणाऱ्याच्या हो ला हो मिळवीत सुटले होते. वापरणाऱ्याची पसंती हेच शिक्षणाचे एक माप ठरल्यावर यंत्र स्तुतिपाठक होणे, ह्यात नवल ते काय? जो दरबारी अशाच मापाने वाढतो तोही तसाच होतो.

एअर कॅनडाचे यंत्र ह्या नव्या जातीचे होते असे मात्र येथे सुचवावयाचे नाही. त्याची रचना कशी होती ह्याविषयी कंपनीने न्यायाधिकरणाला काहीच सांगितले नाही, असे निकालपत्रातच म्हटले आहे. मुद्दा असा की, यंत्र जुने असो वा नवे, त्याने दिलेल्या शब्दाची नोंद कंपनीच्या नियमांशी जोडलेली नव्हती.

सिसेरोचे उदाहरण

दोन्ही पंथांचा संयोग किती प्रभावी होऊ शकतो आणि कोठे अपुरा पडतो, हे दाखविणारे एक प्रकरण नोव्हेंबर २०२२ मधलेच आहे. 'डिप्लोमसी' हा पटावरचा खेळ १९५९ साली बाजारात आला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपातील सात सत्ता, फासा नाही, दैवाचा भाग नाही. प्रत्येक डावापूर्वी खेळाडूंनी एकमेकांशी खलबते करावयाची, तह जुळवावयाचे आणि सोयीनुसार मोडावयाचे. मेटा कंपनीने ह्या खेळासाठी 'सिसेरो' नावाचे यंत्र तयार केले आणि 'सायन्स' ह्या नियतकालिकात त्याचा वृत्तांत दिला. ह्या यंत्राचे दोन भाग होते. एक भाग डावपेचांचा : कोणती सत्ता काय करण्याचा संभव आहे आणि त्या परिस्थितीत आपण काय करावे, ह्याचे गणित तो मांडी. दुसरा भाग भाषेचा. पहिल्या भागाने ठरविलेला हेतू दुसऱ्या भागाला सांगितला जाई आणि त्या हेतूला धरूनच संदेश लिहिला जाई; शिवाय विसंगत संदेश गाळण्यासाठी चाळण्या होत्या. चाळीस डावांत ८२ माणसांशी खेळून, एकाहून अधिक डाव खेळलेल्यांमध्ये ह्या यंत्राने पहिल्या दहा टक्क्यांत स्थान मिळविले, आणि माणसांच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक गुण संपादन केले.

केवळ बोलके यंत्र हे करू शकले नसते, आणि केवळ गणिती यंत्राशी कोणी तह केला नसता. संयोगाचा हा निःसंशय विजय आहे. पण पुढे काय झाले? हे यंत्र बव्हंशी प्रामाणिक आणि साहाय्यक राहावे अशा रीतीने घडविले असल्याचा कंपनीचा दावा होता. २०२४ साली काही संशोधकांनी त्याच्या डावांचा धांडोळा घेऊन दाखवून दिले की त्याने दिलेली वचने मोडली होती. ह्यात गूढ असे काही नाही. संदेश लिहिताना हेतू खरा असे; परिस्थिती पालटली की गणित पालटे आणि हेतूही पालटे. त्या यंत्रात डावपेचांचे आकारिक प्रतिमान होते, वचनांचे नव्हते. दिलेल्या शब्दाचे ओझे कोणत्याही खात्यावर चढलेले नव्हते. मग ते मोडताना उलट नोंद तरी कोठे करावयाची?

म्हणून, आकारिक पद्धती आणि स्वयंशिक्षण ह्यांचा संयोग करा, असे म्हणणे पुरेसे नाही. कोणती गोष्ट आकारिक ठेवावयाची, हा खरा प्रश्न आहे. भाषेचा ओघ, लोकांच्या बोलण्याच्या नाना तऱ्हा, शब्दांच्या छटा हे सारे यंत्राने अनुभवाने शिकावे. त्यात नियमवाद्यांची हार झालेली आहे आणि ती त्यांनी मान्य करावी. परंतु सवलत देय आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार भाषेच्या भागाला असता कामा नये. त्याने ग्राहकाच्या बोलण्यातून नेमका प्रश्न काढावा, तो नियमांच्या भागाकडे सोपवावा, तेथून आलेला निर्णय सुबोध शब्दांत सांगावा आणि काय सांगितले ते वहीत नोंदवावे. दुकानातील गोडबोल्या विक्रेत्याने गिऱ्हाइकाशी हवे तेवढे बोलावे. उधारीचा आकडा मात्र मुनिमाच्या वहीतूनच यावा, असा हा व्यवहार आहे. अर्थात विक्रेत्याने गिऱ्हाइकाचे बोलणेच चुकीचे ऐकले तर मुनीम बरोबर असूनही उत्तर चुकेल. तेव्हा 'आपण अमुक विचारीत आहात ना?' हा अनुवाद करून घेणे आले. अननुभाषणाला निग्रहस्थान मानणाऱ्यांना ते कळले होते.

ह्या भूमिकेवर एक वजनदार आक्षेप आहे. स्वयंशिक्षणाच्या शास्त्रातील अग्रणी रिचर्ड सटन यांनी २०१९ साली एका छोट्या निबंधात असे बजावले की, गेल्या सत्तर वर्षांचा धडा कटू आहे : माणसाने आपले ज्ञान यंत्रात कोंबण्याचे प्रयत्न थोड्या काळापुरते उपयोगी पडतात, आणि अखेरीस प्रचंड गणनशक्ती व सर्वसाधारण पद्धती त्यांच्यावर मात करतात. बुद्धिबळात हे झाले, वाणी ओळखण्यात हे झाले. उद्या यंत्रे इतकी हुशार होतील की खतावणीची मातब्बरी उरणार नाही, असा ह्यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु सटन यांचा सिद्धांत कौशल्याविषयी आहे, आणि खतावणी हे कौशल्य नव्हे. ती एक संस्था आहे. मुनिमाची स्मरणशक्ती कच्ची म्हणून पेढीवर वही ठेवीत नाहीत. अत्यंत हुशार मुनीम ठेवला तर वहीची गरज अधिकच वाढते, कमी होत नाही. दोन पक्षांत वाद झाल्यास तिसऱ्याला दाखविता यावे, यासाठी ती असते.

किंमत कोण मोजणार?

मग कंपन्या असे का करीत नाहीत? उत्तर तंत्रज्ञानात नसून जमाखर्चात आहे. माणसाने उत्तर दिलेल्या प्रत्येक दूरध्वनीला खर्च येतो, तो यंत्रामुळे वाचतो आणि कंपनीच्या पदरात पडतो. चुकीच्या उत्तराचे नुकसान मात्र ग्राहकाच्या माथी जाते. आणि ८१२ डॉलरसाठी न्यायाधिकरणाची पायरी चढणारे शेकड्यात किती निघणार? कारखान्याने आपले सांडपाणी नदीत सोडावे तसाच हा प्रकार आहे. नियम लिहून ठेवणे, ते बदलले की यंत्रात बदलणे, नोंदी राखणे, ह्यांस मनुष्यबळ लागते. जोवर चुकीची किंमत दुसरा कोणी मोजतो तोवर हा खर्च कोणताही शहाणा व्यवस्थापक करणार नाही.

गिडो कॅलाब्रेसी यांनी १९७० च्या आपल्या अपघातांवरील ग्रंथात मांडलेला विचार येथे लागू पडतो : जो सर्वांत कमी खर्चात अपघात टाळू शकतो, त्याच्यावर त्याचा भार टाकावा. शोकाकुल प्रवाशाने संकेतस्थळाची सारी पाने पडताळावीत, ह्यापेक्षा कंपनीने आपले यंत्र आपल्याच नियमांशी बांधावे, हे किती तरी स्वस्त आहे. क्रॉफर्ड आणि सोबेल यांनी १९८२ साली दाखवून दिले होते की, ज्या बोलण्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही त्यातून मिळणारी माहिती, बोलणारा व ऐकणारा यांचे हितसंबंध जितके दुरावतील तितकी मोघम होत जाते. बोलणाऱ्यावर शब्दाचे दायित्व टाकले तरच त्या शब्दाला भाव येतो.

आपल्याकडे कायद्याचा पाया ह्या कामी अगदीच कच्चा नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील कलम १८ नुसार, जवळच्या माहितीचा आधार नसता एखादे असत्य विधान ठामपणे करणे हे, करणाऱ्याला ते खरे वाटत असले तरीही, मिथ्या कथन ठरते. यंत्राला काय वाटते हा प्रश्नच तेथे उद्भवू नये. विधान कोणाच्या वतीने झाले आणि त्याला आधार होता का, एवढेच पाहावयाचे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमातील सेवेतील उणिवेची व्याख्याही, संबंधित माहिती जाणूनबुजून दडविणे तिच्यात अंतर्भूत करण्याइतकी व्यापक आहे. पण कायदा पुरावा मागतो, आणि पुरावा नोंदीशिवाय कोठून येणार?

मराठीचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. परंतु यंत्रांच्या शिक्षणासाठी लागणारा मजकूर इंग्रजीच्या मानाने आपल्या भाषेत अत्यल्प. जेथे उदाहरणे थोडी तेथे नियमांची मदत अधिक मोलाची, हे विल्यम्स प्रभृतींच्या प्रयोगाचे तात्पर्य मराठीसाठी विशेष महत्त्वाचे आहे. शिवाय आपल्या बोलण्याच्या काही खोडी अशा आहेत की इंग्रजी संवादांवर पोसलेले यंत्र त्यांत हमखास फसावे. 'बघतो', 'पाहू या', 'सांगतो नंतर' ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या होकारार्थी आहेत; त्यांत वचन आहे असे मानणारा मराठी मनुष्य मात्र विरळा. आणि 'हं' ? दूरध्वनीवर पलीकडचा बोलत असताना आपण दर दोन वाक्यांमागे 'हं, हं' म्हणतो. त्याचा अर्थ 'ऐकतो आहे, पुढे बोला' एवढाच असतो. एखाद्या बँकेच्या बोलक्या यंत्राने विम्याची अट वाचून दाखविली, पलीकडून सवयीने 'हं' आले, आणि यंत्राने ती संमती धरली, तर? ऐकल्याची पोच आणि मान्यता ह्यांत भेद करणारा नियम स्वतंत्रपणे लिहावा लागेल. तो शब्दांच्या वारंवारतेतून आपोआप उगवेल ह्यावर शेतकऱ्याचे वा निवृत्तिवेतनधारकाचे पैसे पणाला लावणे शहाणपणाचे नाही. तू, तुम्ही आणि आपण ह्यांच्या पायऱ्या चुकल्या तर फार तर हसू येईल. संमती चुकली तर खाते रिकामे होईल.

सरकारी कारभारात ही यंत्रे शिरलेली आहेतच. पंतप्रधान किसान सन्मान निधी योजनेसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये 'किसान ई-मित्र' नावाचे संवादयंत्र सुरू केले. वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत देणारी ही योजना. तिच्यात शेतकऱ्याचा प्रश्न बहुधा एकच असतो : हप्ता का आला नाही? कारणेही ठरावीकच : ओळखीची पडताळणी राहिली, आधार क्रमांक बँक खात्याशी जोडलेला नाही, जमिनीच्या नोंदीत काही तफावत आहे. प्रश्न शेतकरी आपल्या बोलीत, आपल्या वैतागासह विचारणार. त्याचा अर्थ लावणे हे शिकलेल्या यंत्राचे काम. उत्तर मात्र दप्तरातील नोंदीवरूनच यावे लागते, कारण ते ऐकून तो उद्याचा रोज बुडवून तालुक्याला जाणार असतो.

तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला तर त्याच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून पोच मिळते. कारकून पुढे काहीही म्हणो, ती पोच अर्जदाराच्या खिशात असते. पडद्यावर टंकलेल्या संवादाचे चित्र निदान ज्याला जमते त्याला काढून ठेवता येते. पण खेड्यातील म्हातारा जेव्हा यंत्राशी तोंडाने बोलेल तेव्हा त्याच्या हाती काहीच राहणार नाही. यंत्र खरेदीच्या निविदांमध्ये भाषा किती, उत्तराचा वेग किती, खर्च किती, हे रकाने असतात. यंत्राने कोणत्या तारखेला, कोणत्या नोंदीच्या आधारे, काय सांगितले, ह्याची क्रमांकासह पोच बोलणाऱ्याच्या दूरध्वनीवर गेली पाहिजे, असा आणखी एक रकाना त्यांत घालण्यास संगणकशास्त्रातील कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागणार नाही.